बसा, चहा सांगतो

निरंजन धुमाळने वाक्य टाकलं आणि तालमीच्या हॉलमध्ये पंखा तेवढा फिरत राहिला.

"परत," ऋता म्हणाली.

त्याने परत टाकलं. "बसा, चहा सांगतो." या वेळी जरा खालच्या सुरात. मग जरा घाईत. मग चष्मा काढून. समोर बसलेले पाच-सहा जण त्याच्याकडे सोशिक चेहऱ्याने बघत होते. यजमानांनी लग्नाची सीडी लावल्यावर पाहुणे बघतात तसे. शेवटी ऋताने हातातली संहिता मिटली आणि ती माझ्याकडे वळली.

"काका, रागावू नका. पण यात विनोद नक्की कुठे आहे?"

"दुसऱ्या अंकात," मी म्हणालो.

ती रागावली नाही, यावरून मला तिची काळजी वाटली. ऋता नाईकनवरे ही मुलगी तोवर प्रत्येक गोष्टीवर रागवायची: नेपथ्यावर, रिक्षावाल्यांवर, माझ्या औषधांच्या वेळांवर. दिग्दर्शक गप्प झाला की नाटक आजारी आहे असं समजावं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नाटकाला त्याहून बरीच. नाव 'कैलासवासी हजर आहेत'. ते लिहिलं तेव्हा मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो. दर रविवारी थोरामोठ्यांना चिमटे काढायचं सदर मला अजून मिळायचं होतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत एक रिवाज असतो, तो बाहेरच्यांना जरा अमानुष वाटतो. थोर माणूस आजारी पडला की त्याचा मृत्युलेख लिहून ठेवतात. काहींचा तर पडायच्याही आधी. तो बरा होऊन हिंडूफिरू लागला, की लेख पुन्हा कप्प्यात जातो, आणि दर वर्षी त्यात नवे पुरस्कार घालत बसावं लागतं. माझ्या हाताखाली एकदा असे इतके थोर लोक होते, की सभासमारंभात त्यांना जिवंत बघून मला दचकायला व्हायचं.

त्यावरून नाटक सुचलं. 'दैनिक लोकघंटा'च्या पहिल्या पानावरची जाहिरात ऐन वेळी येत नाही, जागा रिकामी राहते, आणि छपाईचे खिळे जुळवणारा माणूस कप्प्यातला हाताला लागेल तो मजकूर लावून घरी जातो. सकाळी गावाला कळतं की तात्यासाहेब इनामदार गेले. तात्यासाहेबांनाही तेव्हाच कळतं. दुसऱ्या अंकात संपादक टेबलाशी बसलेला असताना दार उघडतं आणि कैलासवासी तात्यासाहेब छत्री टेकत आत येतात. संपादक वर बघतो. आणि म्हणतो, "बसा, चहा सांगतो."

कराडच्या एका हौशी मंडळाने हे नाटक पहिल्यांदा केलं, तेव्हा या वाक्याला नाट्यगृह असं हसलं होतं की बाहेरचा टांगेवाला काय झालं म्हणून आत डोकावला. मी तिसऱ्या रांगेत होतो. संपादकाचं काम बापू शेटे करायचा. नगरपालिकेत नोकरीला, अंगाने किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. पुढे मंडळाने नाटकाचे गावात आणि आसपास पुष्कळ प्रयोग केले, आणि दर वेळी पुण्याला माझ्या कानावर एकच यायचं: चहाच्या वाक्याला छप्पर उडालं.

ते वाक्य मुळात माझं नव्हतं, हेही सांगून टाकतो. मी त्या जागी संपादकाच्या तोंडी पानभर दिलगिरी लिहिली होती. उपमा, अलंकार, सगळं. बापू पहिल्याच प्रयोगाला ती विसरला आणि हे एवढंच म्हणाला. हशा ऐकून मी छापील प्रतीतून दिलगिरी काढली आणि त्याचं वाक्य घातलं. लेखकाने नम्र असावं, विशेषतः टाळ्या पडत असतील तेव्हा. त्याच्या पुढचं वाक्य मात्र अस्सल माझं. तात्यासाहेब खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "बिनसाखरेचा सांगा. प्रकृतीला जपायला हवं." वर्तमानपत्राने सबंध मृत्युलेख छापलेला आहे, आणि हा गृहस्थ साखर जपतोय. माझ्या मते सबंध नाटकातला हा सगळ्यात चांगला विनोद. तो आजवर कुणी ऐकलेला नाही. आधीचा हशा ओसरेपर्यंत तात्यासाहेब बोलून बसलेले असतात.

ऋताला छापील प्रत जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मिळाली होती. तिचं म्हणणं असं, की हल्ली थोर माणसं फोनवरच्या अफवांत दर आठवड्याला सकाळी मरतात आणि दुपारी त्यांचा खुलासा येतो. मग ज्या काळात खुलाशालाही दुसऱ्या दिवसाच्या अंकाची वाट बघावी लागायची, तो काळ आजच्या माणसाला दाखवला तर गंमत येईल. तिने काळ तोच ठेवला. काळा टेलिफोन, शाईने बरबटलेली बोटं, तारेवर अडकवलेले ओले कागद. निर्माते पाटणकर यांना मात्र टीव्हीचं न्यूज चॅनेल हवं होतं. लाल पट्ट्या, एका पडद्यावर भांडणारी आठ माणसं, आणि नवव्या खिडकीत तात्यासाहेब. दोघांचं बरंच वाजलं. शेवटी ठरलं ते असं: नाटक जिथे जन्मलं त्या कराडात रविवारी दुपारी एक प्रयोग करायचा. दुसरा अंक उभा राहिला तर टेलिफोन. पडला तर चॅनेल, आणि पोस्टरवर निरंजनचं वाक्य.

निरंजनचं वाक्य म्हणजे काय, ते महाराष्ट्रात बहुधा मला एकट्यालाच सांगावं लागलं असेल. तो आठ वर्षं एका मालिकेत घरातल्या थोरल्या भावाचं काम करत होता. त्या घराला आग लागो, वाटणी होवो, धाकट्या सुनेची स्मृती जावो, हा मधोमध उभा राहून म्हणायचा, "आधी जेवून घ्या." लोकांना ते आवडलं. इतकं आवडलं की त्याला भेटणारा प्रत्येक जण ते त्यालाच म्हणून दाखवायचा. पोलीस, दंतवैद्य, रजिस्ट्रार कचेरीतला शिपाई. त्याच्या वडिलांच्या तेराव्याला पंगतीतल्या एका माणसाने ते त्याच्या तोंडावर म्हटलं आणि मग शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. निरंजनने फोटोत हसू आणलं. ते हसू तो खिशात तयारच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्याने मालिका सोडली.

या नाटकात काम करायला त्याने एकच अट घातली होती: ते वाक्य जाहिरातीत नको, नाटकात नको, तालमीत थट्टेनेही नको. ऋताने शब्द दिला होता. पाटणकरांनी दिला नव्हता.

म्हणून बापूच्या त्या हशाचं कोडं सोडवणं निरंजनला भाग होतं. मला ते सोडवायचं होतं निव्वळ कुतूहल म्हणून. जे वाक्य आपण लिहिलं नाही आणि ज्यात विनोद नाही, त्यावर आपण इतकी वर्षं नाटककार म्हणून मिरवलो. ते का चाललं, हे मरायच्या आत एकदा कळलं तर बरं, एवढंच.

वाक्यात काही नाही म्हणजे वाक्याआधी काहीतरी असणार, असा तर्क ऋताने केला. दार उघडल्यावर आणि बोलण्याआधी बापू चांगला वेळ घ्यायचा, हे मला पक्कं आठवत होतं. त्या वेळात तो काय करायचा? बापूलाच विचारायची सोय उरली नव्हती; तो केव्हाच गेला होता.

"तुम्ही तर होतात ना काका तिसऱ्या रांगेत."

"तो पेन झटकायचा," मी ठामपणे म्हणालो. "शाई उतरत नसल्यासारखं."

खात्रीसाठी मी जुन्या लोकांना फोन लावले. कराडचे एक निवृत्त वकील म्हणाले, बापू हळूच चष्मा काढून पुसायचा. त्यांचे धाकटे बंधू म्हणाले, चष्मा नव्हताच. तो एकदा पेपरातला फोटो बघायचा आणि एकदा तात्यासाहेबांचं तोंड. कोल्हापूरला स्थायिक झालेल्या एका डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं की बापू खुर्चीवर चढून बसायचा. त्यांच्या पत्नीने मागून फोन घेतला आणि सांगितलं की यांचं ऐकू नका, बापू नमस्कार करायचा, फोटोला करतात तसा.

निरंजन प्रामाणिक नट. त्याने सगळं करून पाहिलं. पेन झटकलं, चष्मा पुसला, फोटो ताडून पाहिला, नमस्कार केला, खुर्चीवरही चढला. पुण्यात बोलावलेल्या पाहुण्यांपुढे एक रंगीत तालीम झाली, तेव्हा पेन झटकण्याला एक जण हसला. तो पाटणकरांचा ड्रायव्हर निघाला आणि फोनवर दुसरंच काही बघत होता. मला मात्र एका गोष्टीची गंमत वाटू लागली होती. सगळ्यांना हसणं तंतोतंत आठवत होतं; कशाला हसलो, ते प्रत्येकाचं वेगळं.

"एक माणूस राहिलाय," मी ऋताला म्हणालो. "तात्यासाहेबांची बायको."

नलिनी कुंभोजकर म्हणजे मूळ प्रयोगात तात्यासाहेबांच्या पत्नीचं काम करणाऱ्या. पुढे मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. फोनवर त्या बोलत नसत, कारण फोनवर समोरचा माणूस खोटं बोलताना दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे पाठवून ऋता, निरंजन आणि मी त्यांच्या कराडच्या, सोमवार पेठेतल्या घरी गेलो.

"या ओगले," त्या दारातच म्हणाल्या. "अजून आहात?"

"लेख कप्प्यात तयार आहे," मी म्हणालो. "जागा रिकामी व्हायची वाट बघतोय."

मग त्यांचं लक्ष माझ्या मागे गेलं आणि सबंध चेहरा उजळला. "अगबाई, हे तर आपले आधी जेवून घ्या!"

निरंजनने खिशातलं हसू काढून लावलं. बाई चलाख. त्यांनी ते बघितलं, आणि त्यानंतर त्या घरात ते वाक्य पुन्हा निघालं नाही. चिवडा आला, वड्या आल्या. ऋताने थेट विचारलं, की दार उघडल्यावर बोलण्याआधी बापू काय करायचे.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"उभा राहायचा."

"पेन?" मी विचारलं.

"पेन खिशात असायचं, ओगले. टोपण लावलेलं." त्यांनी वड्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. "बापू कुठे कामाला होता माहीत आहे ना तुम्हाला?"

"नगरपालिकेत."

"नगरपालिकेत कुठे?"

ते मी कधी विचारलं नव्हतं. कारकून म्हटल्यावर मला पुरलं होतं.

"जन्म-मृत्यू नोंदणी," नलिनीताई म्हणाल्या. "जन्माला फारसं कुणी धावत यायचं नाही तेव्हा. गर्दी दुसरीच."

आणि त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील गेले तेव्हा भाऊ लहान होते, म्हणून दाखल्यासाठी त्याच गेल्या. टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तोंडातून शब्द फुटेना. बापूने वर बघितलं. नाव विचारलं नाही, कागद मागितला नाही. समोरचं बाक दाखवलं आणि म्हणाला, बसा, चहा सांगतो. चहा येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. त्या पिईपर्यंतही नाही. कप खाली ठेवल्यावर त्याने पेनाचं टोपण काढलं.

"माझं एकटीचं नाही. सगळ्यांचंच तसं. कराडात ज्याच्या घरी कुणी गेलं, त्याने बापूचा चहा प्यायलाय. शेठ असो नाहीतर हमाल. साहेब त्याला ओरडायचा, की एवढा वेळ काय लावता. तर म्हणायचा, त्यांना कुठे घाई आहे."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू झाली आणि गेली.

"आणि तोच माणूस स्टेजवर," नलिनीताई म्हणाल्या. "दारात आख्खा मेलेला माणूस उभा. कुणी मेल्यावर त्याचे नातेवाईक यायचे बापूकडे, इथे खुद्द तोच आला. पहिल्या दिवशी बापू ते म्हणाला तेव्हा कसे हसले ते तुम्ही बघितलंत. दुसऱ्या प्रयोगापासून तर तो तोंड उघडायच्या आधीच हसायला लागले. काय म्हणणार ते गावाला ठाऊक. तो नुसता थांबायचा. म्हणायचा, त्यांचं होऊ दे. काही जण हसता हसता डोळे पुसायचे. त्यांचंही होऊ दे म्हणायचा."

माझं कराडात कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे हे सगळं कळायचं राहून गेलं होतं. लेखकाची आणखी एक शंका मात्र शिल्लक होती. "म्हणजे ती पानभर दिलगिरी तो विसरला नव्हता?"

"विसरतोय कसला. प्रत्येक प्रयोगाला विंगेत मला अख्खी म्हणून दाखवायचा, एक शब्द न चुकता. म्हणायचा, ओगल्यांनी झकास लिहिलंय. पण मेलेल्या माणसापुढे एवढं कोण बोलतं?"

मी वडी खाल्ली. चांगली झाली होती.

"म्हणजे माणूस ओळखीचा," निरंजन हळूहळू म्हणाला. "वाक्य ओळखीचं. त्याच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. फक्त समोर भलताच माणूस."

"हो."

"तसं एक वाक्य माझ्याकडे आहे."

मेलेला माणूस दारात आहे आणि संपादक त्याला आधी जेवून घ्या म्हणतोय, हे चित्र चौघांनाही एकाच वेळी दिसलं होतं. आणि ते हसू आणणारं होतं, हीच पंचाईत.

"नाही," ऋता म्हणाली. "आपलं ठरलंय. दुसरा अंक पडला तर पडला."

"पडला तर पाटणकर तेच पोस्टरवर टाकणार."

"टाकू दे. मी तुला म्हण म्हणणार नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. "काका, मी ते म्हटलं तर उद्या हसतील?"

"हसतील."

"आणि परवा पोस्टरवर येईल."

"परवा नाही," मी म्हणालो. "छापायला वेळ लागतो."

तो हसला. या वेळचं हसू खिशातलं नव्हतं. त्यात मजा फारशी नव्हती. निघताना तो मागे राहिला आणि त्याने नलिनीताईंना विचारलं, की लोक अभिनयाला नाही, ओळखीला हसतात, याचं बापूंना वाईट नाही वाटायचं? त्या दाराची कडी हातात धरून उभ्या राहिल्या.

"एकदा विचारलं होतं मी. म्हणाला, ओळखीचा माणूस भेटला की आधी त्याचं ऐकून घ्यावं, मग आपलं बोलावं."

रविवारी दुपारी नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं. पुढच्या रांगांमध्ये पांढरी डोकी होती, ज्यांनी बापूचं नाटक पाहिलं होतं. मागे आणि बाल्कनीत जे होते त्यांनी मालिका पाहिली होती. नलिनीताई दुसऱ्या रांगेत कडेला. पाटणकर दाराजवळ, निघायला सोपं पडेल अशा खुर्चीत. मी ऋताबरोबर विंगेत उभा राहिलो. बसलो असतो तर लोकांचे चेहरे दिसले नसते, आणि मी आलो होतो तेच बघायला.

निरंजनने सकाळपासून काही सांगितलं नव्हतं. ऋताने विचारलं नव्हतं. पहिल्या अंकात तो आला तेव्हा बाल्कनीत कुजबुज झाली, दोन-चार टाळ्या पडल्या. पहिला अंक चालला. टेलिफोनला हसले, रिकाम्या जागेवरून झालेल्या भांडणाला हसले. मृत्युलेखात तात्यासाहेबांचं वय दोन वर्षांनी वाढवलंय, म्हणून त्यांच्या बायकोची तक्रार येते, तिथे तर मागच्या रांगेत एक माणूस आपल्या बायकोकडे बघून हसला. हे सगळं माझं होतं, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं.

मग दुसरा अंक. दार उघडलं. तात्यासाहेब छत्री टेकत आत आले.

निरंजनने वर बघितलं. पेन खाली ठेवलं. उठून उभा राहिला. आणि उभाच राहिला.

नाट्यगृहात शांतता झाली. पहिल्यांदा ती साधी होती, मग ताणायला लागली. दाराजवळच्या खुर्चीत पाटणकर हलले. आमच्या बाजूच्या प्रॉम्प्टरला वाटलं, हा विसरला. तो 'बसा' म्हणायला तोंड उघडणार तोच ऋताने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. निरंजन तात्यासाहेबांकडे बघत होता. तो काहीच करत नव्हता, आणि ते इतकं नीट करत होता की मला एकदम खरा बापू आठवला: टोपण लावलेलं पेन, खिशात.

तेवढ्यात बाल्कनीतून एक बाई बोलली. ओरडली नाही. आपल्या घरात सोफ्यावर बसून शेजारणीला सांगावं तशी म्हणाली, "आता बघ, म्हणणार, आधी जेवून घ्या."

बाल्कनी फुटली. तिथून हशा खाली आला, मधल्या रांगा घेऊन पुढे गेला. तात्यासाहेब झालेला नट पाठमोरा झाला, कारण त्यालाही आवरेना. मी निरंजनकडे बघत होतो. आता त्याने ते म्हणायचा अवकाश, आणखी एक लाट आली असती. कुठल्याही नटाने म्हटलं असतं. त्याने ओठ उघडले नाहीत. तो थांबला होता. त्यांचं होऊ देत होता.

हसू ओसरत आलं. कुणी खोकलं, कुणी नाक पुसलं. मग निरंजनने समोरची खुर्ची जराशी पुढे केली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला,

"बसा. चहा सांगतो."

या वेळी आवाज पुढून आला, पांढऱ्या डोक्यांतून. तो सुरुवातीला हशासारखा नव्हताच. कुणीतरी 'अरे' म्हटलं. मग एक जण हसला, मग शेजारचा, मग रांगच्या रांग. एक टोपीवाले आजोबा हसत होते आणि चष्म्याखाली रुमाल घालत होते. मागच्यांना बापू शेटे कोण ते माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की ज्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं असा आपला माणूस दुसरंच काहीतरी म्हणाला, आणि ते त्याला शोभलं. तेही हसले. दोन्ही हसणी मधे कुठेतरी एकमेकांत मिसळली. छप्पर जागेवर राहिलं, पण त्याचा विचार डळमळला असावा.

त्या गदारोळात तात्यासाहेबांनी खुर्ची ओढली आणि माझं वाक्य म्हटलं. ओठ हललेले मला दिसले. कुणाला ऐकू गेलं नाही.

प्रयोगानंतर पाटणकर आत आले. त्यांनी निरंजनचा हात हातात घेतला, ऋताकडे न बघता म्हणाले की पोस्टरवर काळ्या टेलिफोनचं चित्र टाकू, मोठं. आणि चॅनेलची कल्पना मुळात कुणाची होती, असं मलाच विचारलं. नलिनीताई विंगेपर्यंत आल्या, निरंजनच्या पाठीवर थाप मारली आणि गेल्या. शाळेत कुणाला पैकीच्या पैकी देताना त्या असंच करत असतील.

नेपथ्य उतरवून टेम्पोत चढेपर्यंत वेळ होता. आम्ही तिघं बाहेर समोरच्या टपरीवर गेलो. उन्हं कलली होती. बाकावर प्रयोगाला आलेले दोघं-तिघं बसले होते. त्यातल्या एका मध्यमवयीन माणसाने निरंजनला ओळखलं आणि तो घाईने उठला. मी शेजारीच होतो. निरंजनचा हात खिशाकडे जावा तसं त्याचं ते जुनं हसू तोंडावर यायला निघालेलं मी बघितलं.

माणसाने बाकावरचा आपला रुमाल उचलला, जागा केली आणि म्हणाला, "बसा, चहा सांगतो."

निरंजन जिथल्या तिथे उभा राहिला. निघालेलं हसू मधेच कुठेतरी परत फिरलं. मग तो बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि थोडा विचार केल्यासारखं करून, गंभीर चेहऱ्याने म्हणाला,

"बिनसाखरेचा सांगा. प्रकृतीला जपायला हवं."

बाकावरचे सगळे एकदम हसले. टपरीवाला हसला, त्याच्या हातून किटलीतला चहा शेगडीवर सांडला आणि चर्र झालं. ऋता हसता हसता माझ्या दंडाला धरून उभी राहिली. आणि मी ते हसणं शेवटपर्यंत ऐकलं, कारण त्यात मधे बोलायला कुणी नव्हतं.

जागा करून देणारा माणूस डोळे पुसत माझ्याकडे वळला. मी कोण हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

"काय बोलला बघा," तो म्हणाला. "हे नाटकात घालायला पाहिजे होतं."

"लेखकाला सांगतो," मी म्हणालो.